व्हेनिसचं प्रस्थान

आमच्या घरातून आजवर एकच जण व्हेनिसला जाऊन आला, आणि तो मी नव्हे.

वास्तविक जायचं होतं मीच. तीस सालाच्या आगेमागे मी मुरुडच्या कोर्टात वकिली करत असे, आणि ती इतकी जोरात चालली होती की मी दोन महिने विलायतेत राहिलो असतो तरी कोर्टाला पत्ता लागला नसता. त्यातच आमच्या आगरदांड्याच्या वाचनालयात व्हेनिसचं एक सचित्र इंग्रजी पुस्तक आलं. रस्त्यांच्या जागी पाणी, दारात होडी, पुलामागे पूल! मी सुपारीच्या वाडीचा एक तुकडा विकला आणि सात दिवस व्हेनिस पाहून यायचं ठरवलं.

"पाणीच बघायचंय ना?" आमची ही म्हणाली. "मग उधाणाच्या भरतीला मागच्या दारी उभे राहा. आपली गल्लीसुद्धा बुडते."

"अगं, तिथे इतिहास आहे!"

"मग मलाही न्या. मी खाडीपलीकडे दिघीच्या पुढे कधी गेले नाही."

"तुला बोट लागेल," मी म्हणालो. (हिला बोट कधी लागली नव्हती. लागायची ती मलाच.)

वाचनालयाने मात्र ताबडतोब ठराव केला. युरोप पाहून येणारा इथला पहिला माणूस म्हणून माझा सत्कार, व्यासपीठावर खुर्ची, झेंडूचा हार आणि माझं व्याख्यान! पलीकडच्या दिघीचा हसनमिया मोठ्या बोटीवर खलाशी होता आणि इटलीला सारखा जाऊन येऊन असे. पण तो पोटासाठी जातो, आणि पोटासाठी जाण्याला प्रवास म्हणत नाहीत, असं चिटणिसांचं मत पडलं. माझंही तेच पडलं. त्या हारासाठी मी इतका उतावीळ झालो होतो की 'मी पाहिलेले व्हेनिस' हे व्याख्यान मी निघायच्या आधीच लिहून टाकलं.

मग सात दिवसांची आखणी सुरू झाली. सोमवारी सकाळी मोठं देऊळ (त्यांचं), दुपारी घंटेचा मनोरा, मंगळवारी राजवाडा, बुधवारी काचेच्या भट्ट्या... जेवताना मी हिला रोज एकेक दिवस फिरवून आणत असे.

"यात जेवण कधी आहे?" हिने विचारलं.

जेवण कुठेच नव्हतं! हिने कपाळाला हात लावला आणि डबाभर बेसनाचे लाडू वळायला घेतले. मी नवी ट्रंक आणून तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने स्वतःचं नाव आणि व्हेनिसच्या हॉटेलचा पत्ता ठळक लिहिला. खोली मागवली होती तीही खिडकीखाली पाणी असलेली.

एवढं झाल्यावर माझे चुलते आबाकाका पंचांग घेऊन आले. "बोट अमावास्येला सुटतेय, बापू! तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"काका, बोटीच्या कंपनीकडे पंचांग नसतं."

"म्हणून आपण सोडायचं? प्रस्थान ठेव!"

प्रस्थान म्हणजे एक सोयिस्कर रिवाज. जायच्या दिवशी मुहूर्त नसला की आधीच्या चांगल्या मुहूर्तावर सामान घराबाहेर काढून दुसऱ्याकडे नेऊन ठेवायचं. प्रवास सुरू झाला असं धरतात, आणि माणूस मागाहून सवडीने निघतो. आबाकाकांनी नियम सांगितले. प्रवास समुद्राचा, तेव्हा प्रस्थान पाण्यापलीकडे हवं. एकदा गेलेलं प्रस्थान परत घरात आणायचं नाही. आणि प्रवाशाला जे सर्वांत प्रिय, ते त्यात हवंच.

'सर्वांत प्रिय' म्हटल्याबरोबर शेजारी उभ्या असलेल्या हिने पदर सारखा केला. मी उठलो, कपाट उघडलं, तिकीट आणि पासपोर्ट काढला आणि ट्रंकेत ठेवला!

लाडवांचा डबा हिने त्यावर जरा जोरातच आदळला.

ट्रंक होडीत घालून आम्ही दिघीला हसनमियाकडे नेली. "फिकर करू नका, वकीलसाब," तो म्हणाला. "माजीपन तीच बोट हाय. मी हाय ना!" हे वाक्य ऐकून मला फार धीर आला होता, हे आज आठवलं की मला स्वतःचीच कीव येते.

निघायच्या दिवशी हातावर दही घेऊन, गळ्यात वाचनालयाचा छोटा हार (मोठा परत आल्यावर!) घालून मी आबाकाकांसह दिघीला उतरलो. मुंबईची आगबोट धक्क्याला लागत होती. हसनमियाची आई दारातच बसली होती.

"चाची, ट्रंक?"

"ती काय हितं हाय? हसन कामावर गेला तवाच घेऊन गेला. बोलला, वकीलसाबांना वजन नको. तुमच्या काकांना सांगून गेला की!"

मी वळून आबाकाकांकडे पाहिलं.

"हो, सांगितलं होतं," आबाकाका शांतपणे म्हणाले. "प्रस्थान पुढे सरकलं तर उत्तमच. मागे येऊ नये, एवढंच शास्त्र."

मी मुंबईपर्यंत उभ्यानेच गेलो. गोदीच्या फाटकावर एक लालबुंद साहेब बसला होता.

"पासपोर्ट?"

"ट्रंकेत आहे."

"ट्रंक कुठे आहे?"

"बोटीवर."

"मग घेऊन या."

"मग आत सोडा."

"सोडतो. पासपोर्ट दाखवा."

वकील असून मला यातून वाट काढता आली नाही, तेव्हा माझी वकिली का चालत नव्हती ते कळलंच असेल! मी पुन्हा पहिल्यापासून समजावू लागलो, तोवर भोंगा झाला. बोट हलली. वर कठड्याशी हसनमिया उभा होता. मला पाहून त्याने दोन्ही हात हलवले आणि आनंदाने ओरडला, "वकीलसाब, पेटी चडली!"

घरी परतलो तेव्हा ही अंगणात तांदूळ निवडत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "बोट लागली का?" एवढंच तिने विचारलं. मला खरोखर रडू आलं. पुढे कितीतरी दिवस वाटेत भेटेल तो मला "आज काय, मनोरा का राजवाडा?" असं विचारत असे.

शेवटी एकदाचा हसनमिया ट्रंक घेऊन दारात हजर झाला. आधी मलाच रागावला. "तुमी व्हतात कुटं? मी सगली बोट शोदली! पेटीवर हाटेलाचं नाव व्हतं, तिथल्या हमालांनी उचलली नि नेली. सात दिसांनी परत निघताना मी जाऊन आनली. बरोब्बर खिडकीपाशी ठेवली व्हती, पान्यासमोर!"

सात दिवस! माझ्या खोलीत, माझ्या खिडकीत, माझी ट्रंक! झाकणावर हॉटेलचं रंगीत लेबलसुद्धा चिकटवलेलं होतं.

ही भाकरतुकडा घेऊन आली आणि ट्रंकेवरून ओवाळून टाकला. आबाकाका उंबऱ्यात आडवे उभे राहिले. "समुद्र ओलांडून आलीय. गोमूत्र शिंपडल्याशिवाय आत घ्यायची नाही!" प्रायश्चित्त घेऊन ट्रंक घरात आली. उघडली, तर माझा गरम कोट, तिकीट, पासपोर्ट, सगळं घडीसुद्धा न मोडता जागच्या जागी. फक्त लाडू नव्हते. डबा घासूनपुसून लख्ख केलेला होता, आणि आत निळ्या काचमण्यांची एक माळ होती.

"बघा," ही म्हणाली. "तिथल्या बायकांनासुद्धा कळतं, दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये." तिने माळ गळ्यात घातली. तिला ती फार शोभली, आणि मी तिला नेलं नाही याचं मला त्या क्षणी जितकं वाईट वाटलं तितकं गोदीवरही वाटलं नव्हतं.

राहिला सत्कार. हारवाल्याला आगाऊ सांगून ठेवलं होतं, त्यामुळे कार्यक्रम रद्द करणं शक्य नव्हतं. "हार घालायचाच तर हसनभाईंना घाला," हिने चिटणिसांना सुचवलं. पण हसनमिया पोटासाठी जातो, हा मुद्दा मागेच निकालात निघाला होता. बराच खल झाला. अखेर केवळ पाहण्यासाठी जाऊन आलेलं असं सबंध पंचक्रोशीत एकच कोण, ते सर्वांच्या लक्षात आलं.

तेव्हा ठरल्याप्रमाणे व्यासपीठावर खुर्ची मांडली, खुर्चीवर ट्रंक ठेवली, आणि टाळ्यांच्या गजरात तिला हार घातला. मला खाली सतरंजीवर अगदी पहिल्या रांगेत जागा दिली होती. कार्यक्रम संपल्यावर ट्रंक घरी न्यायला कुणीतरी जवळ असावं म्हणून!