नकाशात नसलेलं वळण

मागच्या रविवारी गावी गेले होते, निमगाव सावाच्या बाजूला. गेले होते कामासाठी, पण आईला सांगितलं की तुझ्या हातची भाकरी खायला आलेय. तिने अर्थातच विश्वास ठेवला नाही...

मी पुण्यात डेटाचं काम करते. सध्या आमच्याकडे जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या अपघातांचा नकाशा करायचं काम आहे. प्रत्येक अपघात म्हणजे एक ठिपका. जिथे ठिपके दाटतात ती जागा यादीत जाते, आणि जी यादीत असेल तिथेच आधी गतिरोधक, फलक, कठडे वगैरे होतं. यादीत नाही, तर मग बसा वाट बघत.

नकाशा तयार झाल्या झाल्या मी आधी काय बघितलं असेल? आमच्या गावाबाहेरचं ओढ्यावरचं वळण. तीन वर्षांपूर्वी माझे आप्पा तिथे मोटरसायकलवरून पडले आणि गेले. वायरमन होते. जन्मभर खांबावर चढले, कधी खरचटलं नाही, आणि गेले ते सपाट रस्त्यावर...

वळण कोरं होतं. एकही ठिपका नाही.

आणि आळेफाट्याला एका दवाखान्याच्या गेटसमोर हा एवढा लाल गोळा! आमच्या हुशार टीमने अहवालात लिहूनही टाकलं होतं की या गेटसमोर तातडीने गतिरोधक हवा. टीमची प्रमुख मीच, त्यामुळे हसायचं तरी कुणाला?

दोन दिवस नोंदी उपसल्या तेव्हा उमगलं. आमच्याकडे अपघात झाला की ॲम्ब्युलन्सची वाट कोण बघत बसतं? समोर येईल त्या गाडीत माणसाला घालायचं आणि दवाखाना गाठायचा. पोलिसांची नोंद तिथे मोबाईलवर होते, म्हणून ठिपकाही तिथेच पडतो.

आप्पांच्या नोंदीत शब्दांत नीट लिहिलेलं होतं, 'ओढ्याजवळच्या वळणावर'. पण आमचा प्रोग्राम शब्द वाचतच नव्हता, त्याला फक्त ठिपका कळत होता. म्हणजे माणसं जितक्या लगबगीने धावून आली, तितकी ती जागा नकाशातून पुसली गेली. हे कळलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

यादी शुक्रवारी द्यायची होती. आप्पांची जागा मला ठाऊक होती, पण एका ठिपक्याने वळण यादीत जात नाही. बाकीच्या नोंदींत नुसतंच 'ओढ्याजवळ', आणि आमच्या रस्त्याला ओढे तीन. माझा धाकटा भाऊ रोज पहाटे दुधाचे कॅन घेऊन त्याच वळणावरून जातो... ते वळण यादीत नसणं मला परवडणारं नव्हतं.

नेमक्या जागा जखमींना नेणाऱ्यांनाच ठाऊक असणार. म्हणून आईला विचारलं, आप्पांना त्या दिवशी दवाखान्यात कुणी नेलं? तिचा भाकरी थापणारा हात थांबला. "रफिकभाईंनी. तुला ठावं न्हाई व्हय?"

नव्हतं ठाऊक. मी पुण्याहून थेट दवाखान्यात पोचले होते, नंतर दहावा, तेरावा, पाहुणे... तीन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. खरंच लाज वाटली.

रफिकचाचा मूळचे जुन्नरचे. आमच्या भागातला टोमॅटो, मिरची पिकअपमधून बाजारात पोचवतात. सोमवारी सकाळी ते वळणावर आले. मी कौतुकाने मोबाईलवर नकाशा उघडला, त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ चालायला लागले.

त्यांना तारखा आठवत नव्हत्या, माल आठवत होता. "हितं बेटा, तवा ढोबळी मिरची व्हती. क्रेट ह्या मोरीवर ठिवले." मग दहा-बारा पावलं पुढे, "ह्या दगडापाशी काकडी." दर वेळी भरलेली गाडी रस्त्याच्या कडेला रिकामी केली होती आणि त्या जागी माणूस झोपवला होता. मी मागे मागे ठिपके टाकत होते. "मागं कुनी मालाला हात लावत न्हाई, बरं का," ते म्हणाले. "शेतातली मानसं राखन करत्यात."

शेवटी एका बाभळीशी थांबले. डोक्यावरची टोपी नीट केली.

"वायरमनभाऊ हितं व्हते."

मी विचारलं, शुद्धीवर होते का? काही बोलले का?

"वरडले मला! गडबडीत मी क्रेट उन्हातच फेकत व्हतो. म्हनले, रफिक, टोमॅटो सावलीत ठिव, लई भाव हाय. म्हनून बाभळीखाली रचले... दोन मिन्टं गेली त्यात." मग बाभळीच्या बुंध्याकडे बघत म्हणाले, "ती दोन मिन्टं अजून टोचत्यात, बेटा."

मला रडू आवरेना. कसंबसं सांगितलं की चाचा, डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, डोक्याचा मार इतका होता की आधी आणलं असतं तरी काही झालं नसतं. चाचांनी रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाले, "हे मला कुनी सांगितलंच न्हाई."

कोण सांगणार होतं? सांगायचं मलाच होतं, आणि मी कधी त्यांच्याकडे गेलेच नव्हते.

शुक्रवारी यादी दिली. वळण तिच्यात आहे, दवाखान्याच्या गेटसमोरच्या गतिरोधकाची शिफारस काढून टाकली. पुढचं काम कधी होईल ते होईल, पाठपुरावा मी सोडणार नाही. आप्पांचा ठिपका मात्र मी स्वतःच्या हाताने हलवला, गेटवरून बाभळीखाली.

रफिकचाचा, तुमचा नातू ही पोस्ट वाचून दाखवेल तेव्हा ऐका... आमच्या माणसासाठी तुम्ही भरली गाडी रिकामी केलीत, आणि आभार मानायला मी तीन वर्षं लावली. तुमची दोन मिनिटं माफच होती. माझी तीन वर्षं तेवढी माफ करा.