दगडातून आलेले फुकटे

आमच्या बुऱ्हाणपुरात समुद्र नाही. तापी आहे, पण तिच्या पाण्यात प्रवाळ जगत नाही. तरी मला खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची खाज आली, आणि खाज आली की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. स्वतःच्याही नाही.

आई गेल्यावर वडिलांना जसोंडीहून आमच्याकडे आणलं. केळीची बाग चुलतभावाला कसायला दिली. जन्मभर उजाडताच शेतात जाणारा माणूस, दोन खोल्यांत करणार काय? टीव्हीत मन लागेना, शेजाऱ्यांशी जमेना. टाकी मात्र आवडली. रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे. मला हायसं वाटलं. त्यांनी इथं रमावं, गावातल्या त्या रिकाम्या घरात एकट्यानं परत जाऊ नये, एवढंच मला हवं होतं.

मग मी मुंबईहून एक जिवंत दगड मागवला. जिवंत म्हणजे समुद्रातला, भोकाभोकांचा, आत जीवजंतू नांदणारा. त्यावर बटणांएवढ्या हिरव्या तोंडांचं प्रवाळ होतं. ट्रॅव्हल्सच्या गाडीनं पार्सल आलं, आणि दगडासोबत आले हे बिनतिकिटाचे! आधी एक केसाळ किडा निघाला. चिमटा हाताशी असून मी त्याला बोटांनी धरलं. दोन दिवस बोटात कुसं सलत होती. मग एक काळा खेकडा. त्यानं माझ्या दोन गोगलगायी फस्त केल्या. बाटलीत कोळंबीचा तुकडा ठेवून त्याला पकडेपर्यंत आठवडा गेला.

तेवढ्यात दगडावर तपकिरी झुबके उगवले. बायको म्हणाली, "अगंबाई, फुलं आली!" फुलं कसली, डोंबल! मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला, तर सगळे एका सुरात म्हणाले, हा डंख मारणारा प्राणी आहे, शेजारच्या प्रवाळाला जाळून टाकतो, आणि काही झालं तरी याला कापू नका.

सकाळी ऑफिसची घाई होती. बूट घालता घालता मी म्हणालो, "बाबा, ती तपकिरी फुलं आपल्या प्रवाळाची वैरी आहेत. लक्ष ठेवा." कापू नका, हे सांगायचं राहिलं.

संध्याकाळी आलो तर बाबा दारातच उभे. बाही कोपराच्या वर दुमडलेली, चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी हसू. "भाऊ, काम करून टाकलं. सात होती. दाढीच्या पात्यानं बुडापासून छाटली."

केळीच्या बुडाशी पिलं फुटतात. ती वेळेवर छाटली नाहीत तर मूळ झाड खंगतं आणि घड बारीक येतो. बाबांनी आयुष्यभर हेच केलं, आणि त्यांच्यासारख्या सफाईनं पिलं छाटणारा आमच्या गावात दुसरा नव्हता. पण या नतद्रष्टाच्या तुकड्यातुकड्यातून नवा जीव उभा राहतो. पंधरा दिवसांत दगड तपकिरी दिसायला लागला आणि प्रवाळाची तोंडं मिटली.

मी भडकलो. "ही तुमची केळीची बाग नाही! कळत नाही तर हात कशाला लावता?" आणखीही बोललो. बायकोनं मला आत ओढलं. दुसऱ्या दिवशी बाबांची खुर्ची गॅलरीत होती, रस्त्याकडे तोंड करून.

ग्रुपवाल्यांनी उपाय सांगितला तो चुन्याचा. घट्ट कालवून इंजेक्शनच्या सुईनं एकेका झुबक्याच्या तोंडात सोडायचा. म्हटलं, वा रे वा, सगळा महागडा सरंजाम करून औषध निघालं पानवाल्याकडचं! रविवारी पंप बंद करून बसलो. पहिला थेंब वाळूत पडला, दुसरा थेट प्रवाळावर. तिसऱ्या वेळी मी सुई ताटलीत आपटली. डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचं की कशाचं कोण जाणे.

"बाबा," मी हाक मारली, "जरा या ना. तुमचा हात स्थिर आहे. हे तुम्हालाच जमेल."

ते आले. काचेजवळ वाकून बराच वेळ बघत राहिले. मी सुई पुढे केली, पण त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले होते.

"नको, भाऊ. तू कर. मी इथं उभा राहतो."

"अहो, मी रागात बोललो. धरा ना."

"राग नाही रे मला." ते खरंच रागावलेले नव्हते, अगदी मऊ बोलत होते. "पण उद्या मला जसोंडीच्या गाडीत बसवून दे. तिथं माझं चुकलं, तर फार फार तर एखादं केळीचं झाड जाईल ना."