बांधवाल्यांचा शब्द

त्यांना सगळे बांधवाले म्हणत. वस्तीच्या वरच्या अंगाला नाल्यावर मातीचा एक लहान बांध होता, पुराचं पाणी अडवून हळूहळू सोडणारा, आणि त्याची देखरेख ही त्यांची नोकरी. एरवी बांधामागे टिपूसभर पाणी नसे. कोरड्या ढिगाऱ्याची कसली राखण, म्हणून लोक त्यांची थट्टा करत. ते मुकाट्याने गवत कापत, उंदरांची बिळं बुजवत आणि कुणी विचारलंच तर छाती ठोकून सांगत, "मी आहे तोवर खाली पाणी यायचं नाही."

लोकांनी हा शब्द जरा जास्तच मनावर घेतला. पूर्वी जिथे पूर पसरायचा त्या जागेत एक घर आलं, मग अख्खी गल्ली. त्यातलं एक त्यांच्या मुलीचं. त्याचा पाया त्यांनी स्वतः उभं राहून खणून घेतला होता.

घात केला तो झाडाने. बांधावर आपसूक उगवलं, सावलीला बरं म्हणून त्यांनी कानाडोळा केला. ते थोराड झाल्यावर मात्र धाकधूक वाटली, म्हणून तोडलं. पण मुळं तशीच ठेवली. मुळं काढायची तर बांधाचं पोट फाडावं लागलं असतं, तेवढा धीर त्यांना झाला नाही. मुळं आतल्या आत कुजली आणि त्यांच्या जागी पोकळ वाटा राहिल्या.

यंदा पाऊस थांबेचना. बांध कधी नव्हे तो काठोकाठ भरला आणि त्या खुंटाखाली, कोरड्या बाजूने, पाणी झिरपू लागलं. पाणी गढूळ होतं, म्हणजे आतली माती वाहून चालली होती. त्यांनी पोती रचली. पाणी पोत्यांच्या शेजारून निघालं. कचेरीला फोन केला, तर रस्ताच बुडालाय म्हणून तिथल्यांनी हात वर केले.

मग ते गल्लीत दारोदार फिरले. टेकडीवर चला, म्हणाले. काहींनी बोचकी बांधायला घेतली. मुलगी मात्र जागची हलली नाही.

"बाबा, तुम्हीच म्हणाला होतात ना, पाणी यायचं नाही?"

"चुकलो गं मी."

"थकलाय तुम्ही. या वयात नसत्या शंका येतात."

त्यांनी खूप विनवलं. शेवटी हात टेकले आणि पुन्हा बांधावर गेले. पोत्यांशेजारची धार मनगटाएवढी झाली होती. आता हातात काहीच उरलं नव्हतं. जे व्हायचं ते पोरीजवळ होऊ दे, असं म्हणून त्यांनी बांधावरच्या चौकीतली अंथरुणाची वळकटी काखोटीला मारली आणि संध्याकाळी खाली उतरले.

वाटेत तोंडाने ते सांगतच होते, निघा, अजून वेळ आहे. पण लोकांचं लक्ष वळकटीकडे होतं.

"बांधवालेच इथे झोपायला आले, मग कसली भीती?" शेजारीण म्हणाली आणि तिने बांधलेलं बोचकं सोडायला घेतलं.