माशाच्या एक वीत खाली

डिलाईल रोडपासून शिवडीपर्यंतच्या अख्ख्या गिरणगावात असा एकच माणूस आहे, ज्याच्या घरात पोस्टमन, गॅसवाला, व्याही आणि मतं मागायला आलेले पुढारी सगळे वाकूनच शिरतात. आणि तो माणूस माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. हे वाकणं मामांच्या थोरवीमुळे नव्हे. मामा थोर आहेतच, पण थोरवीसाठी आजकाल कोण एवढं वाकतं? कारण असं, की चाळीतल्या त्यांच्या खोलीत दारातून आत पाऊल टाकताच कपाळाच्या उंचीवर एक मासे मारायचा भाला आडवा टांगलेला आहे. जाड बांबूची काठी, आणि पुढे हाताच्या पंजासारखी पसरलेली पाच लोखंडी टोकं, प्रत्येकाला उलटा काटा. गावच्या लोहाराने मामांच्या आजोबांना करून दिलेला. गिरणीत नोकरी लागली तेव्हा मालवणाहून येताना बाकीच्यांनी वळकटी आणि ट्रंक आणली. मामांनी वळकटी आणि भाला आणला. अंगावरच्या कपड्यांखेरीज दुसरे कपडे नव्हते, पण त्याचं त्यांना आजतागायत काही वाटलेलं नाही.

दर शनिवारी हा भाला खाली उतरतो. मामा त्याला खोबरेल तेल चोळतात आणि हाताला उरलेलं तेल स्वतःच्या टकलाला. "लग्नात माका हळद लावली ती शेवटची," मामी ओट्याजवळून ऐकवतात, "मगे ह्या घरात लाड झाले ते त्या काठयेचे." मामा लक्ष देत नाहीत. जाळ्यातल्या माशाबद्दल त्यांना मनापासून तिटकारा आहे. बाजारात एकदा त्यांनी पापलेट उलटंपालटं करून "जाळ्यात घुसमटान मेलेलो. भाल्याचो मासो कसो, शूर मरता," असा शेरा मारला, तेव्हा कोळीणबाईंनी कोयता खाली ठेवून सांगितलं, "मामा, शूर पायजे तर बॉर्डरवर जावा. हितं पापलेटच मिलंल." मामांनी पापलेट घेतलं, पण ते जेवताना त्याच्याशी बोलले नाहीत.

भाला मारणाऱ्याला लहानपणीच एक गोष्ट शिकवतात. पाण्यातला मासा दिसतो तिथे नसतो. जरा खाली असतो. म्हणून नेम एक वीत खाली धरायचा. इथवर सगळं ठीक आहे. पण मामांनी हा नियम पाण्याबाहेर काढला आणि साऱ्या संसाराला लावला. तसबिरीसाठी खिळा ठोकताना ते खुणेच्या एक वीत खाली ठोकतात. त्यामुळे त्यांच्या घरातले सगळे देव आणि पूर्वज पाहुण्यांच्या कमरेशी आहेत. डॉक्टरांनी ब्लडप्रेशर सांगितलं की मामा समजुतीने मान हलवतात, "खरां वायच खालीच आसतला." माझं लग्न ठरत असताना मी माझा पगार सांगितला, तेव्हा मामा मामींच्या कानात म्हणाले, "दिसता त्येच्या खाली धरूया." दुर्दैवाने तो नेम अचूक लागला.

गेल्या वर्षी मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. जिन्यात ठेवलेल्या सिलिंडरला त्यांनी "काय, कधी इलास?" असं विचारल्याचं चाळीत चवीने सांगितलं जाऊ लागलं. हसण्यावारी नेण्यासारखंच होतं. पण डॉक्टरांनी बजावलं, की आणखी उशीर केला तर नजर जाईल. मामांनी ठाम नकार दिला. "जन्मभर ह्या डोळ्यांक आणि ह्या हाताक एकमेकांची सवय. डोळो बदललो की नेम गेलो!" एका दुपारी मामींचा हिला फोन आला. ज्या बाईला मी कधी हळू आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं ती कुजबुजत होती, "जिन्यात पडले गो. कोणाक सांगू नको म्हणतत. माझी शपथ घातली तरी आयकनत नाय."

मग जावई या नात्याने मला पाठवण्यात आलं. मी तासभर बोललो. बोलणं हा माझा एकमेव गुण. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जावयानू, ओहोटीक शिवडीक जावया. एक मासो मारतंय. लागलो तर ऑपरेशन नाय. चुकलो तर तुमी म्हणशात त्या हॉस्पिटलात."

आम्ही टॅक्सी केली. भाला पुढच्या खिडकीतून आत आला आणि मागच्या खिडकीतून बाहेर गेला. परळच्या सिग्नलला हवालदाराने थांबवलं. "हे काय?"

"मासे मारायला," मी म्हणालो.

"टॅक्सीतून?"

शिवडीच्या चिखलात फ्लेमिंगो उतरले होते आणि धक्क्यावर हातहातभर लांब कॅमेरे घेऊन माणसं उतरली होती. आमचा भाला पाहताच एक बाई किंचाळल्या, "ओ काका, बर्ड्सना मारू नका हं!" मामा शांतपणे म्हणाले, "बाये, कोंबडी मारूची झाली तर लालबागेत दुकान आसा." आणि धोतर खोचून ते कडेच्या चिखलात उतरले.

मी त्यांना इतकं देखणं कधी पाहिलं नव्हतं. पाठ सरळ, हात कानामागे, श्वास रोखलेला. जिन्यात चाचपडणारा म्हातारा कुठल्या कुठे गेला. कॅमेरेवालेसुद्धा वळून बघायला लागले. समोर चिखलावर एक निवटी बसली होती. निवटी हा मोठा चमत्कारिक मासा. ओहोटीला पाण्याबाहेर येऊन चिखलावर डोळे वटारून बसतो. मामांनी नेम धरला, एक वीत खाली, आणि भाला सोडला. तो सणसणत गेला आणि निवटीच्या बरोबर एक वीत अलीकडे चिखलात रुतला. निवटीने मामांकडे एकवार पाहिलं आणि टुणकन उडी मारून ती बिळात गेली.

मामा तसेच उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "पाणी होता मां थंय?"

ओल्या चिखलावर ऊन चकाकत होतं. ते त्यांना पाणी दिसलं होतं.

मी आयुष्यात सोयीचं खूप बोललोय. पण तेव्हा म्हणालो, "नव्हतं, मामा. नुसता चिखल होता."

"असां," मामा म्हणाले. भाला मी उपसला. परतताना त्यांनी माझा दंड धरला होता.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं नीट झाली. पट्टी सुटल्यावर मामांनी समोर बसलेल्या मामींकडे बराच वेळ पाहिलं. "केस कधी पिकले गो?"

"तुमच्यासमोरच," मामी म्हणाल्या.

आता गंमत अशी, की मामींचाही मोतीबिंदू पिकलाय आणि त्या हॉस्पिटलचं नाव काढू देत नाहीत. "माका खंय भालो मारूचो आसा?" हिने समजावून पाहिलं, मी बोलून पाहिलं. मामा मात्र वाद घालत नाहीत. परवा आम्ही जेवायला गेलो होतो, तर बाजारातली बोय मासळी होती, जाळ्यातली. मामा पाटावर मामींच्या शेजारी सरकून बसले आणि त्यांच्या ताटातल्या तुकडीचे काटे एकेक करून काढू लागले. केसाएवढा बारीक काटासुद्धा उजेडाकडे धरून बघत होते. मामी "पुरे हां, माका दिसता," म्हणत होत्या आणि ताट त्यांच्याकडे जरा आणखी सरकवत होत्या.