सेरवाच्या पाटीवरचा हात

"माझी पाटी वाचावी लागत नाही. नुसती बघितली की भूक लागते," असं पाट्या रंगवणारा ओपोंगमामा येताजाता म्हणायचा. ते खरंही होतं. कुमासी शहराच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात न्हाव्याच्या पाटीवरची डोकी त्याची, शिंपिणीच्या पाटीवरचे झगे त्याचे, आणि माझ्या पंक्चरच्या टपरीवरचं हसणारं चाकही त्याचंच. समोर माणूस बसवून चित्र काढणं त्याला कमीपणाचं वाटे. "ते शिकाऊंसाठी. मला माझं स्वतःचं अंग पुरतं." नाक हवं तर तो आरशात बघायचा, हात हवा तर आपलाच पुढे धरायचा.

सेरवा विधवा बाई. मोटारतळावर डोक्यावर पातेलं घेऊन फुफू, म्हणजे कुटलेल्या कंदाचे गोळे, आणि बकऱ्याचा रस्सा विकत तिने आयुष्य काढलं. शेवटी पत्र्याची खानावळ उभी केली आणि पाटी मामाला सांगितली. पहिला घास नाना दुआ हे गावातले वडीलधारे घेणार, मग बाकीचे बसणार, असं ठरलं होतं.

सगळे जमल्यावर मामाने ऐटीत पाटीवरचं कापड ओढलं. पाटीवर सेरवा हसत वाडगा पुढे करत होती आणि रश्श्याची वाफ थेट नाकात शिरेल अशी. गर्दीतून वाहवा उठली. मग एक ड्रायव्हर ओरडला, "अगं मावशी, डाव्या हाताने वाढतेस होय? आम्ही काय उकिरड्यावरची कुत्री?"

हशा पिकला. नाना मात्र हसले नाहीत. डावा हात कशासाठी असतो ते आमच्याकडे पोरांनाही कळतं. त्या हाताने कोणी साधी काडेपेटी पुढे करत नाही. नाना उठले, खांद्यावरचं वस्त्र सावरलं आणि न जेवता चालू लागले. त्यांच्यामागून सगळेच गेले. फुफूचे गोळे वाडग्यांत तसेच राहिले.

मामा आपल्या हातांकडे बघत राहिला. उजव्यात कुंचला, म्हणून समोर धरलेला हात डावा. जसा दिसला तसा त्याने रंगवला होता. गावात मान ताठ ठेवून फिरणारा माणूस तो. आता त्याला नजर वर करवेना.

"सेरवा, आजच बदलून देतो."

"पाटी बदलाल हो मामा. पण लोक म्हणतील, बाईलाच मस्ती आली. नाना इथे जेवले नाहीत, तर दुसरा कोण जेवणार?"

मी म्हटलं, "मामा, माझ्या टपरीत ठेवा पाटी, तोंड भिंतीकडे करून. विसरतील लोक."

त्याने नकारार्थी मान हलवली. स्टुलावर चढून पाटी उतरवली, दोरी बांधून गळ्यात अडकवली. चित्र बाहेरच्या बाजूला.

"नानांकडे जातो. माफी मागायला."

"मग मागच्या वाटेने तरी जा!"

"नाही. बाजारातूनच जातो."

समोरच्याच बाजारातल्या भाजीवाल्या बायका बोटं दाखवून खिदळल्या. "हा हात माझा आहे, तिचा नाही," तो एकेकीपुढे थांबून सांगत होता, आणि त्याचा आवाज इतका खाली गेला होता की काहींनी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा सांगितलं.

सेरवा मुसळ धरून दारात उभी होती, मी टपरीचं काम तसंच टाकून तिच्या शेजारी. तो नानांच्या गल्लीत वळेपर्यंत आम्ही दोघं बघत होतो.