यशोधराताईंचं नाव कुणी नेलं

अंबरनाथ पश्चिमेला यशोधरा ओव्हाळ कुठे राहते म्हणून विचारा, रिक्षावाला थेट दारात नेऊन सोडेल. लग्नं जुळवणारी बाई! पण कांदेपोह्यांचा तिला भारी राग. मुलीला नटवून परक्या माणसांपुढे बसवायचं, 'जरा चालून दाखव गं' म्हणायचं, हे ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तिला स्वतःला असंच चालून दाखवावं लागलं होतं, आणि ते ती विसरली नव्हती. म्हणून तिने आपला नियम केला. आधी मुलगा-मुलगी एकदा भेटणार, आईबाप घरी, आणि शेजारच्या टेबलावर ताई चहा पीत बसणार. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतच्या बौद्ध घरांतल्या आया एरवी मुलीला एकटी कुठे सोडायच्या नाहीत. पण 'ताई आहेत ना' म्हटलं की बिनधास्त पाठवायच्या.

कंपनीतली कारकुनी सुटल्यावर तिने 'धम्मसोबत' नावाची वेबसाइट काढली. मुलींचे फोटो, पत्ते, नोकऱ्या, सगळं त्यात. त्याच नावाचा ईमेलही घेतला. त्या पत्त्यावरून मेल आला म्हणजे तो ताईंचा शब्द, असं घरोघरी झालं होतं.

आता तिची चूक ऐका. विहारात जमलेल्या बायकांना ही दर वेळी बजावायची, "ओटीपी मागितला तर सख्ख्या भावालाही द्यायचा नाही!" आणि स्वतः काय केलं? एक मेल आला, 'तुमच्या वेबसाइटच्या नावाची मुदत संपतेय. नाव वाचवायचं तर त्याचं लॉक काढा आणि ट्रान्सफर कोड कळवा.' आता ह्यात ओटीपी कुठे होता? कोड होता, नाव दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचा. कुणी पाठवलाय ते तिने नीट बघितलंसुद्धा नाही. लॉक काढलं, कोड पाठवला, खाली 'धन्यवाद' लिहिलं. अहो, घराची किल्ली चोराच्या हातात ठेवून वर त्याचेच आभार!

रविवारी दुपारी तिचा ईमेल उघडेना. पासवर्ड चुकीचा, पुन्हा चुकीचा. नवा मागितला, तर तो त्याच ईमेलवर पाठवला म्हणे. नाव जिथून विकत घेतलं होतं त्या कंपनीला तिने फोन लावला.

"मॅडम, तुमचं नाव आमच्याकडून दुसरीकडे गेलंय, आणि त्या नावाचा ईमेलही त्याच्याबरोबर," तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "लॉक तुम्हीच काढलंत, कोडही तुम्हीच दिलात ना? मी तक्रार घेते, पण वेळ लागेल."

"अगं, आणि तोवर माझ्या नावाने कुणी मेल पाठवले तर?"

"ते आम्हाला थांबवता येत नाही, मॅडम."

 यशोधरा फोन ठेवते न ठेवते तोच तो पुन्हा वाजला. उल्हासनगरची सोनिया, साइटवरचीच मुलगी.

"ताई, सॉरी हां, आजची भेट मला नाही जमणार. ड्यूटी आहे. आणि बदलापूरचं सोनिवली किती लांब पडतं यार!"

"कसली भेट?"

"तुमचाच तर मेल आलाय. अर्धाच वाचला मी, पण तुमचं नवीन ऑफिस झालंय ना तिथे? एकटीने यायचं, तुम्ही असणारच म्हणून लिहिलंय. आजच, चार वाजता."

यशोधराने तिच्याकडून पत्ता घेतला, नवऱ्याला, प्रमोदला, पोलिस स्टेशनकडे पिटाळलं आणि एकेका मुलीला फोन लावत सुटली. पहिलीने कापला. दुसरीने कापला. बदलापूरच्या किर्तीनेही कापला, मग तिचा लागेचना. शेवटी किर्तीच्या आईने, भागीरथीने, उचलला.

"भागीरथी, किर्ती कुठाय? तिला घराबाहेर सोडू नकोस!"

 भागीरथी कडाडली, "मुडद्या, आवाज तर हुबेहूब काढतोस की ताईंचा!"

"अगं, मीच बोलतेय!"

"ताईंनी मेलमध्ये साफ लिहिलंय, त्यांचा फोन चोरीला गेलाय. कॉम्प्युटरवर त्यांच्यासारखा आवाज काढून कुणीतरी फोन करतंय, म्हणे, आला की कापून टाका. माझी पोरगी ताईंकडेच गेलीय. तुझं काही चालायचं नाही. ठेव फोन!"

काय म्हणावं त्या चोराला! बाईचं नाव नेलं ते नेलं, तिची जीभही कापून नेली.

रिक्षात बसल्या बसल्या यशोधरा स्वतःला शिव्या घालत होती. कोण असेल हा? पहिलं लग्न लपवलं म्हणून साइटवरून काढलेला तो माणूस? की कुणी भलताच? तिचा नियम त्याला पाठ होता, आणि त्याच नियमाने पोरगी एकटी निघाली होती. तिला काही झालं तर भागीरथीपुढे कुठल्या तोंडाने उभं राहायचं?  "भाऊ, पळवा हो," ती सारखी म्हणत होती.

सोनिवलीच्या त्या नव्या इमारतीत अर्धे फ्लॅट रिकामेच होते. वॉचमनच्या खुर्चीत कुणी नाही. लिफ्टचं दार उघडलेलं, आणि निळ्या कुर्त्यातली किर्ती आत पाऊल टाकत होती.

"किर्तीऽऽ!"

किर्ती दचकून वळली. एकदा ताईकडे बघितलं, एकदा हातातल्या फोनकडे.

"ताई? तुम्ही खाली कशा? आत्ताच तर तुमचा मेल आला, मी वर वाट बघतेय म्हणून."

यशोधराने तिचं मनगट धरलं आणि तिला ओढतच बाहेर आणलं. तेवढ्यात फोन थरथरला. किर्तीने वाचलं आणि स्क्रीन ताईपुढे धरली. 

'किर्ती, खाली कुणाबरोबर चाललीस? ती मी नाही. वर ये. तुझी यशोधराताई.'

वर बघायची यशोधराची छातीच झाली नाही. तिने किर्तीला रिक्षात ढकललं, स्वतः चढली आणि "चला, चला!" म्हणून ओरडली.

वाटभर किर्ती तिला बिलगून रडत होती. यशोधराही रडत होती, आणि एका हाताने पुढच्या मुलीला फोन लावत होती, मग तिच्या पुढच्या. रिंग जायची आणि तुटायची. एकेक मुलगी ताईंचं ऐकून ताईंचाच फोन कापत होती.