जाऊबाईंचं कार्ड

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आणि नवऱ्याला मी दूध नासलं तरी सांगते! तुम्ही अनोळखी आहात म्हणून तोंड उघडतेय – ओळखीचे असता तर उघडलं असतं का? छे. तेवढी हिंमत असती तर सांगण्यासारखं काही उरलंच नसतं.

आम्ही नागपुरात, हुडकेश्वरला राहतो. माझ्या मोठ्या जाऊबाई उमरेडला. मी त्यांना ताई म्हणते. भासरे, म्हणजे माझे मोठे दीर, गेल्यावर ताईंनी कोळसा खाणीतल्या माणसांचे डबे करायला घेतले. मुलगा म्हणाला, पैसे माझ्या खात्यात टाक. ताई म्हणाल्या, "काहून? मेहनत माही, खातं तुहं?" सातवी शिकलेली बाई, एकटी बँकेत गेली, खातं उघडून कार्ड घेऊन आली. ते कार्ड त्या रुमालात गुंडाळून ठेवायच्या आणि आल्या-गेल्याला दाखवायच्या.

मला ते बघवायचं नाही. हे आताच सांगून टाकते, नाहीतर पुढे मी स्वतःला चांगलं दाखवायला लागेन. सवय आहे मला.

दोन वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळाची नेपाळ सहल निघाली. ताईंना मीच आग्रह करून नेलं. सहलवाल्यानं बजावलं होतं – मोठ्या नोटा तिकडे चालायच्या नाहीत, खरेदी कार्डानं करा, आणि निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशातला वापर सुरू करून घ्या. आमच्या घरात मोबाईलमधलं काहीही असलं की ते माझ्याकडे येतं. लाईटबिल, ओटीपी, पोरांचे फॉर्म – फोन माझ्या हातात दिला की बाकीचे चहा प्यायला मोकळे. ताईंनीही दिला. "मले नाही जमत वं हे. तूच करून दे."

मी फोन घेतला, पाच मिनिटांनी परत दिला आणि म्हणाले, झालं.

झालं नव्हतं. विसरले – असं मी कितीतरी दिवस स्वतःलाच सांगत होते. घाई होती, बॅगा भरायच्या होत्या, माणूस विसरतो की नाही? विसरतो ना. पण विसरलेला माणूस दुकानात चकित होतो. मी झाले नाही.

काठमांडूतलं शालींचं दुकान. ताईंनी तासभर शाली उलटसुलट केल्या आणि एक डाळिंबी रंगाची निवडली – सुनेसाठी नाही, लेकीसाठी नाही, स्वतःसाठी. भासरे गेल्यापासून त्या असा रंग अंगाला लावत नव्हत्या. रुमाल सोडला, कार्ड दिलं, मशीनवर हात आडवा धरून पिन दाबला. गेलं नाही. पुन्हा दाबला. पुन्हा नाही. मागे आमच्या मंडळाच्या बायकांची रांग. दुकानदार म्हणाला, "माताजी, पैसा नहीं होगा इसमें."

"पैसे है ना जी! मैंने खुद देखके आयी!" ताईंचा आवाज चढला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कसं पाहिलं असेल? अगदी भरवशानं. ही शिकलेली आहे, ही सांगेल काय झालं ते.

आणि मी सांगितलं. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं – "ताई, पिन चुकवला तुम्ही."

त्यांचा चेहरा उतरला. "चुकला असन वं," म्हणाल्या. मग मी माझं कार्ड पुढे केलं. राहू द्या ताई, मी देते! बायका म्हणाल्या, जाऊ असावी तर अशी. मला बरं वाटलं. शी! सांगतानाही तोंड कडू होतंय, पण वाटलं होतं, खोटं काहून सांगू? तेही कार्ड कुणाचं, तर नवऱ्याच्या कार्डाला जोडलेलं. मी चप्पल घेतली तरी मेसेज त्यांच्या फोनवर वाजतो. एमए झालेली मी, वीस वर्षं त्या मेसेजचा हिशेब देतेय – आणि डबे करणारी जाऊ स्वतःचं कार्ड मिरवतेय. ताईंनी फोन दिला त्या दिवशी परदेशातल्या वापराचं ते बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. मी ते पाहिलं, वाचलं आणि ॲप बंद केलं. घ्या. हे असं आहे.

अजून संपलं नाही. नेपाळात ताईंच्या फोनला रेंज नव्हती. सीमा ओलांडून इकडे आलो आणि बसमध्ये त्यांचा फोन दोनदा वाजला. इंग्रजीत मेसेज. "काय आलं वं, पाय बरं." बँकेचाच होता – परदेशातला वापर बंद असल्यामुळे व्यवहार नाकारला. पिनचं नावही नव्हतं त्यात. तेव्हा तरी बोलायचं ना? बोलायला काय लागत होतं – ताई, माझ्याकडून राहिलं, एवढं अर्धं खोटं तरी? मी म्हणाले, "जाहिरात आहे." आणि दोन्ही मेसेज पुसून फोन त्यांच्या मांडीवर ठेवला.

घरी पोचल्यावर ताईंनी कार्ड मुलाला देऊन टाकलं. "चार बायांत लाज गेली माही. तूच ठेव बाबा." त्यानं ठेवलं. ॲपही त्याच्याच फोनवर गेलं. डबे अजून ताईच करतात, पहाटे चारला उठून. शालीचे पैसे त्यांनी मला मुलाकडून मागून आणून दिले. मी नको नको म्हणत घेतले.

गेल्या महिन्यात त्या आमच्याकडे आल्या. त्यांच्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, तिला काही द्यायचं मनात होतं, आणि मुलगा म्हणत होता, मावशीची पोरं पाहतील. माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून हळू आवाजात म्हणाल्या, "माहेच पैसे हायेत वं, पण मलेच अक्कल नाही त्याची. तू शिकलेली हायेस, तुहं ऐकते तो. बोलतं का त्याच्याशी?"

मी पोळी तव्यावर टाकत होते. पाठ त्यांच्याकडे होती. म्हणाले, बोलते ना ताई, आजच बोलते.

बहिणीचं ऑपरेशन होऊन गेलं. मी बोललेच नाही.